जुने डिजिटल रेकॉर्डर एका लयीत आणताना: एडॅट, डीए-८८ आणि डॅटच्या टेप घरच्या स्टुडिओत उतरवण्याची रीत

गेल्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ गायिकेच्या घरून माझ्याकडे चार एस-व्हीएचएस कॅसेट आल्या. नव्वदच्या दशकात पुण्यातच झालेलं ध्वनिमुद्रण, दोन एडॅट मशीनवर (व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक घेणारे डिजिटल रेकॉर्डर) मिळून सोळा ट्रॅक. पहिली कॅसेट लावली, मशीनची ऑप्टिकल केबल ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या पेटीला) जोडली आणि कान लावून बसलो. तानपुरा सुरेख वाजत होता, पण त्यावर दर दोनेक सेकंदांनी सुईच्या टोकाएवढी एक 'टिक्' येत होती. टेप खराब झाली असेल असं वाटून मी तासभर हेड साफ करत बसलो. टेपमध्ये काहीच बिघाड नव्हता. मशीन आपल्या घड्याळावर चालत होतं आणि इंटरफेस स्वतःच्या.

जुनी डिजिटल यंत्रं जुळवताना दहातल्या नऊ अडचणी इथेच उगम पावतात. म्हणून केबलला हात लावण्याआधी हे घड्याळ प्रकरण नीट समजून घेऊ.

लय वेगळी, सम वेगळी

डिजिटल यंत्र आवाजाचे सेकंदाला ४८,००० किंवा ४४,१०० तुकडे करतं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक सॅम्पल. सॅम्पल कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे आतला स्फटिक ठरवतो. त्या ठोक्याला वर्ड क्लॉक म्हणतात. संगीताच्या भाषेत ही लय.

दुसरी गोष्ट टाइमकोड. आत्ता आपण गाण्यात कुठे आहोत, किती मिनिटं, किती सेकंद, कितवी फ्रेम, एवढंच तो सांगतो. ही सम. दोन तबलजी अगदी एका लयीत वाजवत असले, तरी एकाची सम दुसऱ्याच्या खालीवर येऊ शकते. उलट दोघांनी सम एकत्र गाठली, पण लय केसभर वेगळी असली, तर चार आवर्तनांत दोघांची फारकत होते. यंत्रांचंही तसंच आहे. दोन्ही गोष्टी लागतात, दोन्हींच्या तारा वेगळ्या असतात आणि एकीचं काम दुसरीकडून होत नाही. टाइमकोड जोडला आहे म्हणजे सगळं सिंक झालं, असं समजून लोक महिनोन्महिने टिकटिक ऐकत बसतात.

फरक किती बारीक असतो ते पाहा. लाखात एक एवढीच चूक असलेलं घड्याळ दिवसाला एक सेकंदसुद्धा चुकत नाही. मनगटावर असं घड्याळ असेल तर आपण त्याचं कौतुकच करू. पण ४८ किलोहर्ट्झवर त्याच चुकीमुळे दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल जास्त होतं किंवा कमी पडतं. माझ्या तानपुऱ्यावरची टिक् तीच होती.

जुलै-ऑगस्टमध्ये मुठेच्या पात्रात ढोलपथकांचा सराव चालतो, तो ऐकलेल्याला पुढचा नियम सांगावा लागत नाही. ताशा एकच पुढे असतो, बाकी सगळे ढोल त्याच्या मागे. आपल्या खोलीतही मास्टर एकच. बाकी प्रत्येक यंत्राने त्याचंच ऐकायचं.

मास्टर कोण, हे यंत्रंच सांगतात

बरेच जण इंटरफेस सगळ्यात नवा आणि महागाचा म्हणून त्यालाच मास्टर करतात. मी उलट बाजूने सुरुवात करतो. कागदावर प्रत्येक यंत्राचं नाव लिहून पुढे एकच प्रश्न लिहायचा: वाजत असताना हे दुसऱ्याच्या घड्याळावर चालू शकतं का? ज्याचं उत्तर 'नाही', त्यालाच मास्टर करावं लागतं.

घरगुती डॅट डेक (छोट्या कॅसेटवर दोन चॅनल घेणारा डिजिटल रेकॉर्डर) याचं उत्तम उदाहरण. रेकॉर्ड करताना तो डिजिटल इनपुटवरून येणाऱ्या घड्याळाच्या मागे जातो, पण टेप वाजवताना आपल्याच स्फटिकावर चालतो. त्याला बाहेरून शिकवता येत नाही. म्हणून डॅट उतरवायची असेल तर इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स म्हणून 'एसपीडीआयएफ' (डॅटची दोन चॅनलची डिजिटल जोडणी) निवडायचा आणि डॅटला पुढे चालू द्यायचं.

एडॅट १९९२ साली बाजारात आलं. ते एस-व्हीएचएस कॅसेटवर १६ बिटमध्ये आठ ट्रॅक घेतं आणि १२० मिनिटांच्या कॅसेटवर सुमारे ४० मिनिटं मावतात. पहिल्या काळ्या तोंडाच्या मॉडेलला वर्ड क्लॉकचं बीएनसी (पिळून बसवायच्या गोल कनेक्टरचं) इनपुट नाही. मात्र ऑप्टिकल आउटपुटमधून आठही ट्रॅक आणि सोबत घड्याळ बाहेर येतं. त्यामुळे टेप उतरवताना एडॅटला मास्टर आणि इंटरफेसला शिष्य करणं सगळ्यात सरळ. पुढच्या एक्सटी मॉडेलवर क्लॉक निवडायचं बटण आहे. त्यामुळे ते इंटरफेसच्या मागेही जाऊ शकतं, पण टेप फक्त उतरवायची असेल तर त्याची गरज पडत नाही.

टॅस्कॅमचं डीए-८८ हे १९९३ चं, हाय-८ कॅसेटवर चालणारं. त्याच्या मागे वर्ड क्लॉकचे बीएनसी जॅक आहेत. ते बाहेरचं घड्याळ मुकाट्याने पाळतं, म्हणून शिष्य म्हणून फार गुणी.

एका यंत्राला मास्टर केलं की बाकी सगळीकडचं 'इंटर्नल' बंद करायला विसरू नका. दोन यंत्रं इंटर्नलवर राहिली की पुन्हा दोन ताशे.

केबल: बुधवार पेठेत काय मागायचं

वर्ड क्लॉकला ७५ ओहमची केबल लागते, टोकांना बीएनसी कनेक्टर. सुदैवाने सीसीटीव्हीवाल्यांमुळे पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत हे सामान सहज मिळतं. दुकानात 'आरजी-५९' म्हणून मागा. 'बीएनसीवाली केबल द्या' एवढंच म्हटलं तर दुकानदार 'थ्री प्लस वन' काढून देतो. ती कॅमेऱ्याला वीज आणि चित्र एकत्र नेण्यासाठीची बारीक केबल असते, आपल्याला ती नको. जुन्या कॉम्प्युटर नेटवर्कची आरजी-५८ ही दिसायला तशीच असते, पण ती ५० ओहमची, म्हणून तीही नको. केबलच्या अंगावर छापलेलं वाचून मगच पैसे द्या.

सोबत दोन-तीन 'टी' कनेक्टर आणि एक ७५ ओहमचं टर्मिनेटर घ्या. हे टर्मिनेटर म्हणजे टोपणासारखं दिसणारं छोटं बीएनसी, आत एक रोध असलेलं. घड्याळाचा संकेत केबलच्या शेवटच्या टोकाला पोचला आणि तिथे त्याला सामावून घेणारं कुणी नसलं, की तो विहिरीतल्या हाकेसारखा परत येतो आणि यंत्राचा गोंधळ उडवतो. म्हणून एका ओळीत तीन यंत्रं जोडली तर टर्मिनेटर फक्त शेवटच्या यंत्राच्या 'टी'वर. मधल्यांवर नाही. काही यंत्रांत टर्मिनेशन आतच असतं किंवा मागे त्याचं बटण असतं. तिथे वरून आणखी एक लावलं तर संकेत अशक्त होतो आणि लॉकचा, म्हणजे घड्याळ पकडल्याचा, दिवा लुकलुकायला लागतो. लांबीची मात्र काळजी नको. केबलमध्ये संकेताला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात आणि ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल २०.८३ मायक्रोसेकंदांचं असतं. घरातल्या खोलीत हा उशीर नगण्य.

डॅटच्या कोअॅक्सियल एसपीडीआयएफलाही ७५ ओहमच हवी. जुन्या व्हीसीआर किंवा डीव्हीडी प्लेअरसोबत आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल घरात पडली असेल तर ती वापरा. ती या कामासाठी लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलपेक्षा कितीतरी बरी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अशा केबल अजून दिसतात.

ऑप्टिकल केबल होम थिएटरवाल्या दुकानातलीच चालते, पण पाच मीटरच्या आतली घ्या आणि काटकोनात मुडपू नका. इथे अनेकांची एक गफलत होते. एडॅटचा आठ ट्रॅकचा प्रकाश आणि टीव्हीचा दोन चॅनलचा प्रकाश एकाच आकाराच्या भोकातून जातो, पण दोन्हींची भाषा निराळी. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटला 'एडॅट' हा पर्याय निवडला नसेल तर सगळं जोडूनही शांतता.

डीए-८८ चा डिजिटल जॅक २५ पिनांचा, टीडीआयएफ नावाचा. अॅनलॉग स्नेक केबललाही तसाच २५ पिनांचा कनेक्टर असतो, पण आतल्या जोडण्या पूर्ण वेगळ्या. कनेक्टर बसतो म्हणून अॅनलॉग केबल तिथे लावू नका. टीडीआयएफसोबत घड्याळासाठी बीएनसीची वेगळी तार मी नेहमी लावतो, एकट्या टीडीआयएफवर भिस्त ठेवत नाही.

टेप मशीनमध्ये घालण्याआधी

पुण्याचा पावसाळा कॅसेटला मानवत नाही. बंद कपाटातून आलेली टेप लगेच मशीनमध्ये सरकवू नका. ती एक दिवस मशीन असलेल्या खोलीत उघडी राहू द्या. खिडकीसारख्या झाकणातून टेपच्या कडेला पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये गेली की हेडही बिघडतात आणि पुढची चांगली कॅसेटही. ती बाजूला ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली दिसणारी टेप आधी शेवटपर्यंत पुढे, मग सुरुवातीपर्यंत मागे अशी एकदा फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे मोकळे होतात.

यंत्राच्या पाठीवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून किंवा जपानहून आलेलं यंत्र ११७ किंवा १०० व्होल्टचं असू शकतं आणि आपला प्लग २३० चा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागला तर तो ऑडिओ केबलपासून हातभर लांब ठेवा. सगळं एकाच यूपीएसवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या. उतरवणं चालू असताना वीज गेली तर फाइल पुन्हा करता येते, पण टेप ड्रमभोवती गुंडाळलेली राहते, आणि ती सोडवताना जीव खालीवर होतो.

प्रत्यक्ष उतरवणं

आता माझी ती दोन एडॅटची जोडी. क्रम असा ठेवला.

दोन्ही मशीन बंद असताना पहिल्याच्या 'सिंक आउट'मधून दुसऱ्याच्या 'सिंक इन'मध्ये नऊ पिनांची केबल लावली. ही एकच तार घड्याळही नेते आणि टेपवरची जागाही, म्हणजे लय आणि सम दोन्ही. एडॅटची खरी करामत हीच: दुसरं मशीन पहिल्याला अगदी सॅम्पलच्या अचूकतेने धरतं. मग पहिल्याचं ऑप्टिकल आउट इंटरफेसच्या पहिल्या ऑप्टिकल इनला, दुसऱ्याचं दुसऱ्याला. आधी पहिलं मशीन चालू केलं, मग दुसरं, मग इंटरफेस, शेवटी कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर.

इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक सोर्स 'इंटर्नल'वरून 'एडॅट १' केला. तिथला लॉकचा दिवा स्थिर व्हायला हवा. तो लुकलुकत असेल तर रेकॉर्ड दाबायचं नाही. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट टेपचा जो असेल तोच.

आता टेपचा रेट कळणार कसा? आधी लेबल वाचा. काळ्या तोंडाच्या एडॅटवर ४४.१ चं वेगळं बटण नव्हतं. सीडीसाठी काम करणारे लोक पिच उणे १४७ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) नेऊन रेकॉर्ड करत, म्हणजे घड्याळ ४८ वरून जवळपास ४४.१ वर येई. अशी टेप वाजवतानाही पिच उणे १४७ वरच ठेवावा लागतो. लेबलावर हे लिहिलेलं नसेल तर कान हाच आधार. माझ्या दुसऱ्या जोडीच्या बाबतीत हेच झालं. बाईंची पट्टी काळी चार, हे मला माहीत होतं. टेप लावली तर तानपुरा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध लागलेला. हार्मोनियमवर दोन्ही सूर दाबून पाहिले, कुठेच बसेना. दीड अर्धस्वरापेक्षा किंचित कमी एवढी चढ ऐकू आली, की ती ४४.१ ची टेप ४८ वर धावते आहे असं समजावं. पिच खाली आणल्याबरोबर तानपुरा काळी चारमध्ये विसावला आणि बाईंचा आवाज एकदम त्यांचा वाटू लागला. वेळेवरूनही हे कळतं: एक तासाचं रेकॉर्डिंग ५५ मिनिटं आणि सात-आठ सेकंदांत संपतं.

रेकॉर्ड करताना लेव्हल बदलायची नाही, इक्वलायझर नाही, काही नाही. आहे ते जसंच्या तसं २४ बिटच्या फाइलमध्ये. मशीनच्या डिस्प्लेमध्ये उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो. तो वारंवार पेटत असेल तर मशीनला टेप नीट वाचता येत नाही आणि हरवलेल्या जागा ते अंदाजाने भरतं आहे. अशा वेळी हेड साफ करून पुन्हा. किती मिनिटाला ठिपका पेटला हे वहीत लिहून ठेवतो, कारण तिथला आवाज पुढे शंकेने ऐकावा लागतो.

तुमच्या इंटरफेसला एकच ऑप्टिकल इनपुट असेल तरी काम अडत नाही. आधी एक कॅसेट उतरवा, मग दुसरी, आणि दोन्ही वेळा इंटरफेस टेपच्याच घड्याळावर ठेवा. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही मशीन एका घड्याळावर होती, त्यामुळे दोन्ही फाइलींत सॅम्पलची संख्या सारखी येते. एक फाइल सरकवून तबल्याचा पहिला ठोका जुळवला की शेवटचाही जुळतो. इंटरफेस इंटर्नलवर ठेवून अॅनलॉग केबलने घेतलं तर मात्र हे होत नाही. दोन घड्याळांत लाखात पाच एवढा फरक असला तरी दहा मिनिटांत ३० मिलिसेकंदांची तफावत पडते आणि तबला दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो.

डीए-८८ साठी इंटरफेसचं घड्याळ बीएनसीने बाहेर काढून त्याच्या वर्ड इनला द्या आणि समोरच्या क्लॉक बटणाने त्याला बाहेरच्या घड्याळावर आणा. दोन डीए-८८ असतील तर मागच्या चकतीवर पहिल्याचा आयडी शून्य, दुसऱ्याचा एक. एडॅट आणि डीए-८८ एकाच वेळी चालवायचा हट्ट शक्यतो करू नका. दोघांची सिंकची भाषा वेगळी, एकाची नऊ पिनांची, दुसऱ्याची पंधरा पिनांची. टेप उतरवायचीच असेल तर एकामागून एक उतरवा.

महागडं वेगळं मास्टर क्लॉक विकत घ्यावं का, असं मला बऱ्याचदा विचारतात. टेप उतरवण्यासाठी माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. डिजिटलमधून डिजिटलमध्ये जाताना लॉक पक्का असेल तर बिट जसेच्या तसे येतात. घड्याळाचा सूक्ष्म थरकाप आवाजाचं अॅनलॉगमधून डिजिटल किंवा उलट रूपांतर होताना महत्त्वाचा असतो. ते पैसे हेडच्या देखभालीसाठी ठेवा.

जुळलं की नाही, याचा पुरावा

कानाला बरं वाटलं एवढ्यावर मी थांबत नाही. तीच टेप दुसऱ्यांदा उतरवतो. पहिली आणि दुसरी फाइल एकाखाली एक ठेवून पहिल्या ठोक्यावर सॅम्पलपर्यंत झूम करून जुळवतो आणि एकीची फेज उलटी करतो, म्हणजे लाटेची वरची बाजू खाली. घड्याळ खरंच एक असेल तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि मीटर तळाशी जातं, सुरुवातीलाही आणि चाळिसाव्या मिनिटालाही. सुरुवातीला शांत आणि पुढे पुढे फुसफुस वाढत गेली तर लॉक सुटला आहे. मध्येच एखाद्या ठिकाणी क्षणभर खरखर आली तर तिथे टेपची वाचनचूक आहे; वहीतल्या ठिपक्यांशी ताडून पाहा. त्या जागी दोन्हींपैकी स्वच्छ फाइलचा तुकडा घेता येतो, हा दुसऱ्यांदा उतरवण्याचा आणखी एक फायदा.

टाइमकोड आणि मिडी: गरज असेल तेव्हा

टेप चालू ठेवूनच मिक्स करायचं असेल किंवा जुना सिक्वेन्सर (सूर-ठोके साठवून यंत्रांकडून वाजवून घेणारं यंत्र) जोडायचा असेल तरच यात पडा.

कधी कधी आठव्या ट्रॅकवर नुसता किर्र असा कर्कश आवाज मिळतो. तो कचरा म्हणून पुसू नका, तो टाइमकोड आहे. इतर ट्रॅकसारखाच जसाच्या तसा उतरवून ठेवा. आपल्याकडे टीव्ही २५ फ्रेमचा, त्यामुळे कोडही बहुधा २५ चाच निघतो, तरी सॉफ्टवेअरमध्ये हाताने रेट लादण्याआधी टाइमकोड वाचणाऱ्या यंत्राला काय दिसतंय ते पाहा. घड्याळ आधीच एक असेल तर टाइमकोडचं काम फक्त योग्य जागी सुरू करून देण्याचं. सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरने कोडच्या मागे सतत धावू नये, घड्याळावर चालावं. सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो. प्ले करताना दहा सेकंद आधीपासून सुरू करा, टेपला पकड घ्यायला वेळ लागतो.

१९८७ च्या अॅलेसिस एमएमटी-८ सारख्या सिक्वेन्सरला मिडी (वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना द्यायची डिजिटल पद्धत) क्लॉक कळतो: एका मात्रेला २४ ठोके. लय मिनिटाला १२० आणि रेट ४८ किलोहर्ट्झ असेल तर दोन ठोक्यांमध्ये बरोबर १,००० सॅम्पल येतात, हिशेबाला फार सोयीचं. मिडी क्लॉकचा मास्टर कॉम्प्युटरला ठेवा आणि क्लॉकसाठी मिडीचा एक पोर्ट मोकळा ठेवा, कारण मिडीच्या तारेत तीन बाइटचा एक संदेश जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो आणि गर्दी झाली की ठोके मागे पडतात. मग सिक्वेन्सरकडून एखादा कोरडा ठोका, क्लेव्ह वगैरे, आठ आवर्तनं वाजवून रेकॉर्ड करा आणि तो ग्रिडपासून किती मागे आहे ते मोजा. उशीर दरवेळी सारखा असेल तर तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या सिंक ऑफसेटमध्ये भरा. ठोके इकडेतिकडे हलत असतील तर आधी त्या पोर्टवरची बाकी रहदारी बंद करा.

सगळं झाल्यावर

फाइलींच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कोणतं मशीन, मास्टर कोण, सॅम्पल रेट, पिच किती, ठिपका कुठे कुठे पेटला, फेजच्या चाचणीत काय आढळलं. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. कॅसेटच्या लेबलावर जुन्या अक्षराशेजारी पेन्सिलने रेट आणि पिच लिहा. त्या चार कॅसेटपैकी दोनांवर मी '४४.१, पिच −१४७' असं लिहिलं, टेप सुरुवातीला आणून ठेवली आणि सिलिका जेलच्या पुडीसकट डबा बाईंच्या घरी परत नेऊन दिला.